पगार चालू ठेवून नवी सुरुवात

साशंक : पंचेचाळिशीत नवी सुरुवात करा, असे सांगणाऱ्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. ते कोणत्याही एका माणसाकडे नीट पाहत नाहीत. त्यांचा सल्ला शिक्षकाला, शल्यविशारदाला आणि विक्रेत्याला एकाच मापाने दिलेला असतो. म्हणून आपण एकच माणूस समोर ठेवू : कंपन्यांना इंटरनेट विकणारा. हिंजवडी, चाकण, महापे, अंधेरी अशा भागांतल्या कार्यालयांना आणि कारखान्यांना लीज्ड लाइन विकण्यात त्याची पंधरा-वीस वर्षे गेली आहेत. घरगुती ब्रॉडबँड अनेकांत वाटलेले असते. लीज्ड लाइन एकट्या ग्राहकाची असते, तिचा जाण्या-येण्याचा वेग सारखा असतो आणि तिच्यासोबत लेखी हमी असते. ही हमी ९९.५ टक्के वेळ लाइन चालू राहण्याची असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात लाइन ३ तास ३६ मिनिटे बंद राहिली तरी कंपनी करारात बसते. पण तो बंद काळ नेमका जीएसटी भरण्याच्या शेवटच्या तारखेला आला, तर कारखान्याचा आयटी मॅनेजर तक्रारीचा क्रमांक घेऊन स्वस्थ बसत नाही. ज्याने लाइन विकली त्याच्या मोबाइलवर तो फोन करतो. या माणसाने केबल टाकलेली नसते, राउटरला हात लावलेला नसतो, तरी ग्राहकाच्या लेखी कंपनी म्हणजे तोच. पावसाळ्यात महापालिका रस्ते खोदू देत नाही, त्यामुळे मे महिन्यात घेतलेली ऑर्डर दिवाळीपर्यंत लोंबकळते, आणि बहुतेक ठिकाणी बिलिंग सुरू झाल्याखेरीज ती टार्गेटमध्ये धरली जात नाही. त्याला रिकामी संध्याकाळ मिळतही असेल. पण त्या संध्याकाळी फोन वाजणार नाही याची खात्री त्याला कधीच नसते. नवी गोष्ट शिकायला तास कमी असले तरी चालतात. लक्ष तुटून चालत नाही.

उत्साही : माणूस तुम्ही बरोबर निवडलात, त्याचा दिवसही खरा सांगितलात. पण नोकरी काय घेते एवढेच मांडलेत. काय देते ते राहिले. नवशिक्याला सर्वांत आधी लागते ती वाईट काम करण्याची मुभा. गळा तयार होईपर्यंत बेसूर गाणे, पहिली भाषांतरे फसणे, पहिल्या तुकडीला धड शिकवता न येणे, हे सगळे होऊ द्यावे लागते. घराचा हप्ता त्याच कामावर अवलंबून असेल तर ही मुभा मिळत नाही. माणूस घाईने जे खपेल ते करू लागतो. पगार चालू असला की मिळते. यावर अभ्यासही झाले आहेत. जोसेफ रॅफी आणि जिए फेंग यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतल्या नव्या व्यावसायिकांची तुलना केली. नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्यांवर धंदा सोडण्याची वेळ येण्याचा धोका, एकदम नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी निघाला. आपल्याकडे डॉ. श्रीराम लागूंचे उदाहरण नेहमी देतात, पण मला वाटते ते अर्धेच सांगतात. १९६९ साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले, हे सगळ्यांना पाठ असते. त्याआधी डॉक्टरकी चालू असताना पुण्यात भालबा केळकरांसोबत पीडीए या नाट्यसंस्थेत त्यांनी कितीतरी वर्षे नाटके केली, ही बाजू मागे पडते. त्यांची उडी लोकांच्या लक्षात राहिली, पण ती शक्य झाली आधीच्या त्या वर्षांमुळे. श्री. ना. पेंडसे तर बेस्टमध्ये नोकरीत असतानाच कादंबऱ्या लिहीत होते; ‘गारंबीचा बापू’ १९५२ ची. नोकरीसोबतचा काळ म्हणजे नुसते ताटकळणे, असे आपण का धरून चालतो?

साशंक : तुमची दोन्ही उदाहरणे मोठी आहेत, म्हणूनच ती तपासून घेऊ. लागूंचा व्यवसाय स्वतःचा होता आणि शस्त्रक्रियेचे ज्ञान हातात मुरलेले होते. नाटक चालले नसते तर परतीची वाट होती. बेस्ट हा पालिकेचा उपक्रम. तिथे दर तीन महिन्यांनी माणसाची कमाई पुसून त्याला पुन्हा शून्यावर उभे करणारे टार्गेट नव्हते. आपल्या विक्रेत्याचे ज्ञान मात्र त्याच्या डोळ्यांदेखत शिळे होते. कार्यालये जोडणाऱ्या एमपीएलएस या तंत्राचे बारकावे शिकण्यात दहा वर्षे घालवली, तोवर ग्राहक एसडी-वॅन हे नवे तंत्र मागू लागले. दर एमबीपीएसचा भाव घसरत जातो, नूतनीकरणाच्या वेळी ग्राहक त्याच पैशात दुप्पट वेग मागतो, आणि मागच्या वर्षीइतका धंदा राखण्यासाठी याला जास्त विकावे लागते. तुम्ही म्हणता पगार हा आधार आहे. हा आधार किती टिकाऊ आहे ते पाहा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली; १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले; एक अख्खी पिढी या क्षेत्रात नोकरीला लागली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली आणि पुढच्या तीन वर्षांत रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांचा ग्राहक-मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. कंपन्या एक झाल्या की एकाच ग्राहकाकडे जाणारे दोन विक्रेते उरतात, आणि त्यांतला एकच ठेवला जातो. सरकारी कंपन्यांत पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती आली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलचे सुमारे १४ हजार लोक बाहेर पडले. त्यांना झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार तरी ठरला होता. खासगी विक्रेत्यासाठी असा कोणताही हिशेब कुणी करून ठेवलेला नाही. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेत पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर पूर्ण अठरा वर्षांची सेवा धरली, तरी अठ्ठावन्नाव्या वर्षी महिन्याला चार हजार रुपयेही हातात येत नाहीत. पन्नाशीतच घ्यायचे म्हटले तर अठ्ठावन्नाला कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापले जातात. तेव्हा या माणसाच्या नव्या सुरुवातीमागे आनंद कमी आणि भीती जास्त असते, असे मला वाटते. भीतीपोटी शिकलेली गोष्ट त्याला कितपत लाभेल?

उत्साही : आता आपण खऱ्या जागी आलो. ‘नवी सुरुवात’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही बिघडतात. एक आहे तजवीज : नोकरी गेली तर घर चालावे म्हणून आधीच केलेली सोय. दुसरी आहे ओढ : जे आयुष्यात करायचे राहिले ते करून पाहणे. भीतीतून तजवीज होते आणि ती लाभतेही, पण तिच्या अटी वेगळ्या आहेत. पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की अमेरिकेत सर्वाधिक वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय ४५ होते. उत्साही लोक हा आकडा फडकवतात आणि त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट गाळतात : त्याच क्षेत्रातला पूर्वानुभव असेल तर यशाची शक्यता कितीतरी वाढते. म्हणजे पंचेचाळिशीतली यशस्वी सुरुवात बहुधा अगदी नवी नसतेच. आपल्या विक्रेत्याने तजवीज करायची तर ती त्याच्या ओळखीच्या वर्तुळात करावी. लहान कारखान्यांची इंटरनेट बिले तपासून देणे, दोन कंपन्यांच्या दोन लाइन कशा जोडल्या म्हणजे एक पडली तरी काम थांबत नाही हे समजावणे, करारातली हमीची कलमे वाचून दाखवणे. भोसरीतल्या पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपला हे सांगणारे कोणी नसते. ओढीचे मात्र उलट आहे. तिला पहिल्या दिवसापासून कमवायला लावले तर ती मरते. पन्नासाव्या वर्षी गाण्याच्या प्रारंभिक परीक्षेला बसणाऱ्याने त्यातून शिकवण्या मिळतील का, हा प्रश्न मनात आणूच नये. लोक नेमके उलटे करतात. ओढीच्या गोष्टीवर तजविजीचे ओझे टाकतात, आणि तजवीज करायची तर अशा परक्या क्षेत्रात जातात जिथे त्यांच्या वीस वर्षांना काही किंमत नसते.

साशंक : ही फोड मला पटते, आणि तिच्यातूनच पुढची अडचण निघते. तजवीज जितकी जवळच्या क्षेत्रात, तितकी ती मालकाच्या हिताला छेदणारी. जो दिवसभर एका कंपनीची लाइन विकतो, तो संध्याकाळी त्याच ग्राहकाला तटस्थ सल्ला कसा देणार? करारात याला मनाई असते आणि न्यायालये ती मानतात. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातल्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात १९६७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सेवेचा करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन वैध आहे. उलट नोकरी संपल्यानंतरही माणसाला त्याच धंद्यापासून रोखणारे बंधन करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कायदा नोकरी सोडणाऱ्याला जितका मोकळा सोडतो, तितका नोकरी सांभाळून काही करणाऱ्याला सोडत नाही. तुमचा अमेरिकन अभ्यास म्हणतो सोबत करा, आणि इथला करार म्हणतो सोबत करू नका. २०२२ मध्ये आयटी क्षेत्रात हाच वाद पेटला. प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या तीनशे जणांना विप्रोने काढून टाकले. आणि अडचण फक्त मालकाची नाही. वकील व्हायचे म्हटले तर पदवी टपालाने मिळत नाही, वर्गात हजेरी लागते. पदवी मिळाली तरी बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. शेती करायची म्हटली तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेणे १९४८ च्या कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमामुळे सहसा शक्य होत नाही. घरचा सातबारा नसेल तर ती वाट पहिल्या पावलालाच बंद. ‘दोन्ही सांभाळा’ म्हणणारे हे पाहतच नाहीत, की कित्येक दारे अर्धी उघडतच नाहीत.

उत्साही : म्हणून कोणती सुरुवात करायची हे निवडताना ‘मला काय आवडते’ हा पहिला प्रश्न ठेवू नये, असे मी म्हणेन. पहिला प्रश्न असा : ही गोष्ट तुकड्यांत करता येते का, आणि मध्येच थांबवली तर नासते का? रात्री साडेआठचा नाट्यप्रयोग फोन आला म्हणून थांबवता येत नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम थांबवता येतो. मुक्त विद्यापीठ काढले गेले तेच असे शिकणाऱ्यांसाठी. वकिलीचे तुम्ही सांगितलेत ते खरे आहे, पण त्यातूनही मार्ग दिसतो. सकाळचे वर्ग जमत असतील तर अभ्यास नोकरीत असताना आणि सनद नोकरी सुटल्यावर, अशी ती दोन टप्प्यांची सुरुवात आहे. तजविजीबद्दल म्हणाल, तर लपवून करण्याला माझाही विरोध आहे. २०२२ च्या त्याच वादानंतर इन्फोसिसने परवानगी घेऊन बाहेरची किरकोळ कामे करायला वाट ठेवली. लेखी विचारण्याची प्रथा पडली तर ती विक्रेत्यालाही उपयोगी आहे. आणि परवानगी नाही मिळाली, तर नोकरीत असताना तयारी करायची, ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. पण मला याहून महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. उतारवयातल्या विद्यार्थ्याला अडवतो तो संकोच. आपल्याहून वीस वर्षांनी लहान शिक्षकासमोर चुकणे, पोरासोरांच्या वर्गात शेवटचा नंबर येणे, हे चांगल्या पदावरच्या माणसाला सोसवत नाही. आपल्या विक्रेत्याने रोज नकार ऐकलेला आहे. स्वागतकक्षात तास-तास बसून भेट न मिळता तो परतलेला आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा उभा राहिलेला आहे. नवशिक्या होण्याची एवढी मोठी पूर्वतयारी दुसऱ्या कोणत्या पेशात होते? या नोकरीने त्याला थकवले हे खरे, पण तिने त्याला नकार सोसायला शिकवले हेही तितकेच खरे आहे.

साशंक : नकाराबद्दलचे मी मान्य करतो, ते माझ्या ध्यानात आले नव्हते. पण त्याच नोकरीची दुसरी सवय तुम्ही सोडलीत. वीस वर्षे प्रत्येक गोष्टीला आकडा लावायची सवय. तो गाणे शिकायला गेला तरी किती राग झाले याची यादी ठेवेल, तिमाहीच्या शेवटी स्वतःकडे हिशेब मागेल आणि कमी पडला की सोडून देईल. तुमची ओढ आणि तजवीज यांच्यात त्याने भिंत घालावी असे तुम्ही म्हणता, पण ज्याच्या मनात प्रत्येक तासाची किंमत पक्की झाली आहे त्याला ती घालता येईल का? तरी हा आक्षेप मी बाजूला ठेवतो, कारण माझा खरा आक्षेप पुढेच आहे. आपण इतका वेळ या माणसाच्या संध्याकाळीबद्दल बोलतो आहोत. ती संध्याकाळ येते कुठून? २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे दिसले. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्याला मिळणारे दोन तास याच फरकातून निघतात. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे कोणीतरी पाहते म्हणून तो तंबोरा घेऊन बसू शकतो. आता आपल्या विक्रेत्याच्या जागी विक्रेती ठेवा. आज त्या पेशात बायका आहेत, त्यांनाही तेच टार्गेट आहे, ग्राहकाचा तोच फोन येतो. तुमचे सगळे युक्तिवाद तिला लावून पाहा. वाईट काम करण्याची मुभा, तुकड्यांत करता येणारा अभ्यास, नकाराची सवय, सगळे तिच्याकडे आहे. फक्त संध्याकाळ नाही. शिवाय पहिल्या विक्रेत्याच्या बायकोलाही पंचेचाळिसावे वर्ष लागते. तिलाही काही करायचे राहिलेले असते. मध्यमवयीन नव्या सुरुवातीबद्दल जे उत्साहाने लिहिले जाते ते बहुतेक अशा माणसाच्या बाजूने असते ज्याच्यासाठी दुसरे कोणीतरी थांबलेले आहे.

उत्साही : याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. अमेरिकेतल्या त्या अभ्यासांत संस्थापकांची वये आहेत, धंदा कधी सोडला याची नोंद आहे. त्यांच्या घरी भांडी कोणी घासली याची नाही. मी माझे म्हणणे इतकेच दुरुस्त करतो. पगार चालू ठेवून केलेली सुरुवात सुरक्षित असते असे मी म्हणालो होतो. ती करणाऱ्यापुरती सुरक्षित असते, आणि तिची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या वेळेतून जात असेल तर ती उधारी आहे. तरीही त्यातून ‘करू नका’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. ज्या माणसाला ग्राहकाशी बोलताना कोण काय देणार, किती दिवसांत देणार, नाही दिले तर काय भरपाई, हे ओळीने ठरवता येते, त्याला घरात तसे बोलणे अशक्य नाही. दोन वर्षे तिची, मग दोन वर्षे याची, असे ठरवता येईल. मुलगा बारावीत असेल तर ते वर्ष कोणाचेच नाही, हेही ठरवता येईल.

साशंक : ठरवता येईल, पण तिमाही अखेर आली की ठरलेले मोडेल. ग्राहकाशी केलेला करार मोडला तर बिलातून पैसे वळते होतात. घरातला मोडला तर काहीच होत नाही, म्हणून तोच आधी मोडतो. मी त्या माणसाला अडवणार नाही. तजवीज आणि ओढ वेगळी ठेव, हे मी त्याला आता स्वतःहून सांगेन, आणि सुरुवातीला माझे मत तसे नव्हते. पण ज्या घरात दोघेही टार्गेटच्या नोकरीत आहेत आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले वडील आहेत, तिथे पहिली पाळी कोणाची?

उत्साही : आज ती ज्याचा पगार मोठा त्याला मिळते, आणि कोणी तसे ठरवलेलेही नसते. त्या दोघांनी हे एकमेकांसमोर मोठ्याने बोलावे, इथपर्यंत मी येऊ शकतो. बोलल्यावर लहान पगाराच्या माणसाची पाळी पहिली लागेल का, हे मला सांगता येणार नाही, कारण मोठा पगार थांबवण्याची जोखीम आपण दोघांनीही आत्ताच मोजली आहे आणि ती खरी आहे.